खाल्लेल्या अन्नाची वसुली

सरकारी दफ्तरातून निघणाऱ्या हुकुमांपैकी बहुतेकांचा संबंध जमीन, पाणी, रस्ता अथवा कर यांच्याशी असतो आणि त्यांविरुद्ध तक्रार करताना माणसाला आपल्या अंतःकरणाची झडती द्यावी लागत नाही. परंतु एक हुकूम असा आहे, की ज्याच्या तीन-चार ओळींत अर्थशास्त्र, नीतिशास्त्र आणि धर्मशास्त्र ही तिन्ही दाटीवाटीने बसलेली असतात आणि तो लिहिणाऱ्या कारकुनाला मात्र त्याची वार्ताही नसते. सदरहू स्त्री निराधार नसून एका इसमासह राहते असे चौकशीअंती निष्पन्न झाल्यावरून तिचे अनुदान बंद करण्यात येत आहे, आणि आजवर तिला अदा झालेली रक्कम तिच्याकडून वसूल करण्यात यावी, हा त्या हुकुमाचा मथितार्थ. यातील पहिला भाग भविष्याविषयी आहे, दुसरा भूतकाळाविषयी. आणि हे दोन भाग एका दमात उच्चारले जातात म्हणूनच त्यांच्यातील अंतर आपल्या ध्यानी येत नाही.

कागल तालुक्यातल्या एखाद्या गावची, चाळिशी उलटलेली विधवा आपण कल्पू. नवरा जाऊन बरीच वर्षे लोटली, मुलगी सासरी नांदते, पंधरा गुंठ्यांचा एक तुकडा नावावर आहे, आणि महाराष्ट्र सरकारने १९८० साली सुरू केलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली दरमहा दीड हजार रुपये तिच्या खात्यावर जमा होतात. गावात त्याला निराधारचा पगार म्हणतात. तो तुकडा शेजारच्या गावचा एक विधुर गृहस्थ वाट्याने करतो. उसाच्या लागणीच्या दिवसांत त्याची मोटारसायकल सकाळपासून तिच्या दारात उभी असते. दुपारची भाकरी तो तिथेच खातो. आणि पावसाळ्यात वेदगंगेचे पाणी रस्त्यावर आले, की सोप्यात घोंगडे टाकून निजतो. कोणीतरी निनावी अर्ज करतो. तलाठी, ज्याला अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे लांबलचक नामाभिधान प्राप्त झाले आहे, चौकशीला येतो आणि विचारतो, “त्यो कोण लागतोय तुझा?” ती सांगते, “नात्यानं कोण न्हाई. शेत वाट्यानं करतोय.” पंचनाम्यात या उत्तराचा पहिला अर्धा उतरतो; दुसरा उतरेलच असे नाही.

तीन वर्षांची वसुली निघाली तर ती ५४,००० रुपयांची होते, आणि ज्या योजनेतून ती रक्कम आली त्या योजनेची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे जिच्याजवळ एवढे नाही म्हणून दिले, तिच्याकडेच त्याच्या अडीचपट मागावयाचे. परंतु हिशेबाची ही विसंगती तूर्त बाजूला ठेवू. मला येथे ज्याचा विचार करावयाचा आहे तो प्रश्न असा, की देणाऱ्याने दिलेले केव्हा परत मागावे, आणि एका माणसाच्या सान्निध्यात दुसरे माणूस आहे एवढ्यावरून त्याला आधार मिळाला असे केव्हा म्हणावे.

दिलेले परत घेण्याचा प्रश्न आमच्या स्मृतिकारांनी क्षुद्र मानलेला नाही. मनूने न्यायसभेपुढे येणाऱ्या वादांची जी अठरा पदे सांगितली, त्यांत दत्त वस्तूच्या परताव्याचे एक स्वतंत्र पद आहे. आणि नारदाने त्याचा विस्तार करताना देय, अदेय, दत्त आणि अदत्त असे चार भाग पाडून, हातून सुटले असूनही दिले असे ज्याला म्हणता येत नाही, अशा दानाच्या सोळा परी मोजल्या आहेत. भयाने दिलेले, क्रोधाच्या आवेगात दिलेले, शोकाने भान हरपले असता दिलेले, लाच म्हणून, थट्टेत, कपटाला भुलून, अज्ञान बालकाने किंवा उन्मत्ताने दिलेले, हे सारे त्या यादीत येते; आणि त्याच यादीत, अपात्राला पात्र समजून दिलेले, हेही येते. आजचे सरकार जेव्हा अपात्र लाभार्थ्यांच्या याद्या करते, आणि २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या निमित्ताने अशा याद्यांची चर्चा महाराष्ट्रातल्या घराघरांत झाली आहे, तेव्हा ते नकळत नारदाचीच री ओढत असते. त्या मागणीला प्राचीन आधार नाही असे म्हणता येणार नाही, आणि ती मूलतः अन्यायाची आहे असेही नाही. खजिना सर्वांचा असतो. एका अपात्राच्या पानात वाढलेले दुसऱ्या पात्राच्या पानातून काढलेले असते. आणि ज्या विधवेची दरखास्त समितीपुढे महिनोन्महिने पडून आहे, तिने शेजारणीकडे बोट दाखविले तर तिला मत्सरी म्हणून गप्प बसविणे हा न्याय नव्हे.

तथापि नारदाच्या डोळ्यांसमोर जे दान आहे ते गाईचे, सुवर्णाचे, क्षेत्राचे. गाय अपात्राच्या गोठ्यात बांधलेली असेल तर ती सोडून आणता येते. दीड हजार रुपयांचे तसे नाही. ते महिन्याच्या अखेरीस ज्वारी, तेल, काडेपेटी, सीपीआर रुग्णालयापर्यंतचे एसटीचे भाडे आणि मुलीच्या पहिल्या बाळंतपणाची एक साडी यांत रूपांतरित होऊन निःशेष झालेले असते. आणि अन्नाच्या बाबतीत आमच्या परंपरेने पात्रतेचा विचार मुद्दाम सैल ठेवला आहे. ब्राह्मणाला गाय देताना त्याचे कुल, विद्या आणि आचार पाहावे असे सांगणाऱ्या त्याच ग्रंथांनी वैश्वदेवानंतर कुत्र्यासाठी, कावळ्यासाठी, पतितासाठी आणि किड्यामुंगीसाठी अन्न बाहेर ठेवावयास सांगितले, आणि तेथे कोणाचाही दाखला पाहावा असे म्हटले नाही. अंबाबाईच्या देवळाजवळच्या अन्नछत्रात पंगतीला बसलेल्याला, तू घरी कोणाबरोबर राहतोस, असे कोणी विचारत नाही. आणि विचारले तर विचारणाऱ्याचेच पुण्य उणे होईल, असे करवीरचा सामान्य भाविकही सांगेल.

मग निराधारचा पगार हे अन्नदान समजावे, की पात्र पाहून दिलेले दान, की या दोहोंपैकी काहीच नाही? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात आणि १९८२ साली नाकारा यांच्या खटल्यात नोकरीचे निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले; पण ते वेतन त्या मनुष्याने चाकरी करून मिळविलेले असते, आणि आपल्या विधवेने सरकारची चाकरी केलेली नाही. तिच्या हक्काचे मूळ अन्यत्र आहे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार, अपंगत्व, बेकारी आणि आपल्या दोषावाचून ओढवलेली विपन्नता, या प्रसंगी लोकसाहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक शक्तीच्या मर्यादेत करावी, असे म्हटले आहे. हा अनुच्छेद न्यायालयात बजावून घेता येत नाही हे खरे. परंतु त्याने एक गोष्ट निश्चित केली, ती ही, की येथे देणारा यजमान नाही व घेणारी याचक नाही, आणि पुण्य हा या व्यवहाराचा हेतू नाही. जेथे पुण्य हा हेतू नाही तेथे घेणाऱ्याच्या शीलाची परीक्षा कशासाठी? विपन्नता आहे की नाही, एवढेच पाहावयाचे उरते.

असे असताना शीलाचा प्रश्न पुनःपुन्हा चौकशीत का शिरतो, हे समजून घ्यावयाचे तर विधवेच्या पोषणाला लावलेल्या अटीचा इतिहास थोडा उलगडला पाहिजे. कात्यायनाने निपुत्रिक पतीचे धन पत्नीला दिले, पण ती अव्यभिचारिणी असावी ही अट घातली. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने, म्हणजे ज्यांचे मांडलिक शिलाहार तेव्हा करवीर प्रांतावर राज्य करीत त्यांच्या छायेत, मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने पत्नीचा वारसा मोठ्या धैर्याने मान्य केला, पण संयमाची अट त्यानेही सोडली नाही. ही अट पुढे इंग्रजांच्या न्यायालयांत जाऊन पोहोचली. केरी कोलितानी नावाच्या आसामातील एका विधवेला पतीची मालमत्ता मिळाली होती. नंतरच्या वर्तनामुळे तिने ती गमवावी की काय, या प्रश्नावर १८७३ साली कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाचे पूर्ण पीठ बसले, न्यायमूर्ती द्वारकानाथ मित्र यांनी बहुमताविरुद्ध आपले मत नोंदविले, आणि अखेर १८८० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की एकदा निहित झालेला वारसा नंतरच्या व्यभिचाराने जात नाही. सनातन्यांनी हलकल्लोळ केला. पण या निकालाच्या शेजारी १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा ठेवून पाहिला म्हणजे एक चमत्कारिक दृश्य दिसते. कारण त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचे पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क, जणू ती मेली असे समजून, संपुष्टात येत. म्हणजे जी स्त्री गुपचूप एखाद्याशी संबंध ठेवील तिचे घर राहावे, आणि जी चारचौघांत अक्षता टाकून घेईल तिचे जावे! कायद्याने निंद्य मानलेल्या मार्गाला अभय आणि कायद्यानेच खुल्या केलेल्या मार्गावर जकात, असा हा प्रकार होता, आणि त्याची जाणीव असणारे लोक त्या काळीही होते.

कोल्हापूरला ती जाणीव विशेष होती असे म्हणण्यास जागा आहे. करवीरची गादी मुळी ताराबाई या विधवेच्या कर्तृत्वातून उभी राहिली. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा आपल्या संस्थानात केला, १९१९ मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध आणि काडीमोडीसंबंधी कायदे केले, आणि १९२० मध्ये देवाला मुली सोडण्याच्या चालीवर घाव घातला. १९१८ साली धाकट्या राजपुत्राच्या अपघाती मृत्यूनंतर वैधव्य आलेल्या सुनेला, इंदुमतीदेवींना, त्यांनी शिकविले. ही गोष्ट कायद्यांच्या यादीत येत नाही, पण त्या कायद्यांमागची भूमिका तीत दिसते. नोंदणीवर त्यांचा जो भर होता त्याचे कारण उघड आहे. बहुजन समाजात पाट लावण्याची वहिवाट पूर्वापार होती. तीत होम नाही, सप्तपदी नाही, कागद तर नाहीच. आणि ज्याचा कागद नाही त्याविषयी उद्या कोणीही काहीही बोलू शकतो. पाट लागला की नुसतेच राहणे झाले, याचा निर्णय जातपंचायतीच्या लहरीवर सोडण्यापेक्षा तो नोंदवहीत असावा, असे त्या दूरदृष्टीच्या राजाला वाटले असावे.

या इतिहासाचा एक अवशेष अगदी अलीकडेपर्यंत सैन्याच्या नियमांत जिवंत होता, आणि शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या, घरोघरी फौजी असलेल्या गावांना तो परका नव्हता. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता शहीद जवानाच्या विधवेला पुनर्विवाहापर्यंतच मिळे. १९९५ मध्ये त्यात अशी सवलत झाली, की तिने दिराशीच लग्न केले तर भत्ता चालू राहावा. आणि ही दिराची अट २०१७ च्या नोव्हेंबरात रद्द झाली. बावीस वर्षे राज्याने असे मानले, की पैसा घरातच राहिला तर बाईचे लग्न हे लग्न नव्हे. जी दृष्टी एकत्र कुटुंबाच्या कर्त्याची, ती राज्याने वारशाने घेतली होती, आणि ती घेतली आहे हे राज्याला कळले नव्हते.

आजच्या नियमांची भाषा पुष्कळ निवळली आहे. केंद्राच्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातील, २००९ पासून चालू असलेले विधवा निवृत्तिवेतन दोन कारणांनी बंद होते: तिने पुनर्विवाह केला, अथवा ती दारिद्र्यरेषेच्या वर गेली. पहिले कारण एका संस्काराचे, दुसरे एका शिधापत्रिकेचे. एखाद्या इसमाबरोबर राहते, हे तिसरे कारण तेथे नाही. ते गाव आपल्या पदरचे घालते, आणि तेही पुनर्विवाहाचा पुरावा म्हणून.

तेव्हा पुराव्याकडे वळू. माझ्या मते प्रकरणाचा जीव तेथेच आहे. जे चार भिंतींच्या आत घडते किंवा घडत नाही ते बाहेरच्याने कसे जाणावे? जेथे मानवी पुरावा पोहोचत नाही तेथे याज्ञवल्क्याने तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही पाच दिव्ये सांगितली. मराठेशाहीत उकळत्या तेलातुपातून रवा काढण्याचे दिव्य चाले. आणि पेशवाईच्या दफ्तरांत बदअमलाबद्दल, म्हणजे व्यभिचाराबद्दल, वसूल केलेल्या दंडाच्या नोंदी आढळतात, ज्यांवरून संशय हीच एक उत्पन्नाची बाब झाल्याचे दिसते. दिव्याची आपण थट्टा करतो. पण दारात उभी असलेली मोटारसायकल, दोरीवर वाळत असलेला सदरा आणि शेजाऱ्याची जबानी यांवरून एका स्त्रीचा सबंध जीवनक्रम ठरविणारा पंचनामा दिव्यापेक्षा फार शास्त्रीय आहे, असे मला वाटत नाही. दिव्यात निदान आरोपी स्वतः हजर असे.

या बाबतीत अमेरिकेतील एक खटला स्मरणात ठेवण्याजोगा आहे. अलाबामा राज्याने १९६४ साली असा नियम केला, की जी स्त्री एखाद्या पुरुषाशी संबंध ठेवते तिच्या मुलांना तो पुरुष पर्यायी पिता समजावा आणि त्यांचे साहाय्य बंद करावे. सेल्मा गावच्या श्रीमती स्मिथ या चार मुलांना वाढविणाऱ्या बाईचे साहाय्य, विल्यम्स नामक गृहस्थ शनिवार-रविवारी तिच्याकडे येतो, एवढ्यावरून थांबले. ती पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत स्वयंपाकिणीचे काम करी; विल्यम्सला स्वतःची नऊ मुले होती आणि तिच्या मुलांसाठी तो एक डॉलरही देत नव्हता, देण्याची त्याची ऐपतही नव्हती. १९६८ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम मोडीत काढला. अनैतिकतेला आळा घालण्याची राज्याची इच्छा असेल, पण त्यासाठी मुलांचे अन्न हे साधन होऊ शकत नाही. पिता म्हणजे ज्याच्यावर पोषणाचे कर्तव्य आहे तो, असा त्या निकालाचा आशय. त्या सुमारास तिकडे रात्री-अपरात्री बायकांच्या घरांवर धाडी घालून पलंगाखाली पुरुष शोधणारे सरकारी नोकरही होते. आपल्याकडे तशा धाडींची गरज पडत नाही, कारण गाव चोवीस तास जागे असते.

आता मला जे म्हणावयाचे आहे ते म्हणतो. दोन माणसे एक घर आहेत की दोन, हे ओळखण्याची कसोटी परदेशातून आणण्याचे काही कारण नाही, कारण ती आमच्याच व्यवहारशास्त्रात, भाऊ विभक्त झाले की एकत्र आहेत या प्रश्नाच्या निमित्ताने, फार पूर्वी बारकाईने तयार झालेली आहे. वाटणीपत्र नसेल तर विभाग कशावरून ओळखावा, याची चिन्हे नारदाने दिली आहेत: देणे आणि घेणे वेगळे, गुरे वेगळी, अन्न, घर आणि शेत वेगळे, पाक वेगळा, धर्मकृत्ये वेगळी, आय आणि व्यय वेगळे. एका आवारात, एका छपराखाली राहणारे दोन भाऊ या चिन्हांवरून विभक्त ठरतात, आणि शंभर कोस दूर असलेले दोघे एकत्र ठरतात. त्या यादीत सहवास नाही. कोण कोणाच्या ओसरीवर निजतो, कोण कोणाशी हसून बोलतो, याला तेथे स्थान नाही. आमच्या कुळंबी माणसाला हे शास्त्र न वाचताच ठाऊक असते. दोन जावांचे पटेना झाले म्हणजे तो घर पाडत नाही, चूल वेगळी करतो, आणि तेवढ्याने तलाठ्यापासून सोसायटीच्या सचिवापर्यंत सर्वांना कळायचे ते कळते.

जी कसोटी भावांच्या लाखोंच्या इस्टेटीला पुरली, ती विधवेच्या दीड हजारांना का पुरू नये? तो वाटेकरी तिच्या घरात धान्य आणून टाकतो काय? विजेचे बिल भरतो काय? त्याच्या शिधापत्रिकेवर तिचे नाव आहे काय, दोघांचे खाते सामाईक आहे काय, तिच्या दुखण्याला त्याने पैसा मोजला काय, आणि लग्नकार्यात दोघांचा आहेर एका नावाने जातो की दोन? याची उत्तरे होय अशी आली, तर तिला आधार आहे, मग तो पुरुष तिच्या घरी निजो वा न निजो. आणि नाही अशी आली, तर ती निराधार आहे, मग गावाने काहीही पाहिलेले असो. उलट तो जर तिच्याच भाकरीतला चतकोर खात असेल, तर तिचा आधार वाढण्याऐवजी घटलेला आहे, ही साधी गोष्ट हुकूम लिहिणाऱ्याला सुचत नाही. विवाहसदृश संबंधाच्या आधारे पोटगी मागणाऱ्या स्त्रीला सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी यांच्या खटल्यात अवघड अटी घातल्या: समाजापुढे पतिपत्नी म्हणून वावर, विवाहाची पात्रता, दीर्घ आणि स्वेच्छेचा सहवास, सामाईक घर; आणि आठवड्याच्या अखेरीस भेटणे पुरे नाही, असेही सांगितले. स्त्री जेव्हा मागावयास येते तेव्हा सिद्धतेचा एवढा उंच उंबरठा, आणि तिच्याकडून काढून घ्यावयाचे तेव्हा एक निनावी अर्ज, ही तराजूची दोन पारडी एकाच राज्याच्या हातात शोभत नाहीत.

म्हणून अपील हा अशा स्त्रीच्या दृष्टीने केवळ पैशाचा मार्ग राहत नाही. १९६७ साली बीनापाणी देई या ओरिसातील डॉक्टर महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रशासकीय हुकूम असला तरी ज्याने माणसाच्या हक्कांना बाध येतो तो त्याचे ऐकून घेतल्यावाचून काढता येत नाही. म्हणजे आरोपाची नक्कल मिळावी, जबानी देणारे कोण ते कळावे, आपली कैफियत लेखी रुजू करता यावी, आणि निकालात कारणे असावीत. जादा दिलेल्या रकमेच्या वसुलीबाबत २०१४ च्या डिसेंबरात रफिक मसीह प्रकरणी त्याच न्यायालयाने तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून आणि पाच वर्षांहून जुन्या रकमांची वसुली अन्याय्य ठरविली. तो निकाल नोकरांपुरता आहे, पण ज्याने फसविले नाही आणि जो परतफेडीने मोडून पडेल त्याच्याकडून मागू नये, हे त्याचे तत्त्व शिपायाला लागू पडावे आणि शेतमजुरणीला पडू नये, याचे समर्थन मला सापडत नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, हे १९८७ च्या कायद्यात आहे, आणि कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात त्यासाठी प्राधिकरणही आहे. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागल्याने, रिट अर्जासाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठण्याची पाळी सहा जिल्ह्यांतील लोकांवरून टळली आहे. तरीही अपिलात जाणारी स्त्री विरळा. कारण तिथे तिला सिद्ध काय करावयाचे असते? आपले कोणी नाही, हे. माणसाने आपले एकाकीपण कागदोपत्री शाबीत करावे आणि ते जितके संपूर्ण तितका त्याचा हक्क बळकट, ही मागणी मला धर्मदृष्ट्या अतिशय खटकते. ज्या संस्कृतीने सत्संग, शेजार आणि पंगत यांना मोक्षाच्या वाटेवरची ठाणी मानले, तिच्यात एका विधवेने दीड हजार रुपयांसाठी दार बंद करून बसावे, दुखण्यात कोणाला हाक मारू नये, पुरात अडकलेल्याला ओसरी देऊ नये, अशी अपेक्षा कोणता नियम लिहून करीत नाही. पण चौकशीची रीत ती निर्माण करते.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, २०२२ च्या मे महिन्यात, पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. त्या ठरावाचे जे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु त्याचा एक परिणाम चौकशीच्या दृष्टीने कोणी पाहिलेला दिसत नाही. आजवर वैधव्य हे अंगावर लिहिलेले होते. कपाळ पाहिले की दाखल्याचे काम भागे. आता कुंकू लावणारी, हिरव्या बांगड्या घालणारी विधवा गावात हिंडू लागली म्हणजे निनावी अर्ज लिहिणाऱ्याला नवे कलम मिळते: हिने लग्न केले आहे, नाहीतर हा शृंगार कशासाठी? एका परिपत्रकाने दिलेला सन्मान दुसऱ्या कचेरीत पुरावा म्हणून तिच्याविरुद्ध रुजू व्हावा, हे टाळावयाचे असेल, तर वेशभूषा आणि सौभाग्यालंकार यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये, अशी एक ओळ चौकशीच्या सूचनांत घालावी लागेल.

आणि जोगतिणींचे काय? निराधार योजनेच्या लाभार्थ्यांत देवदासींचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि गडहिंग्लज, कागल, चंदगड या भागांत, सौंदत्तीच्या यल्लम्माला लहानपणी सोडलेल्या स्त्रिया आज म्हातारपणी त्या अनुदानावर जगतात. त्यांच्यापैकी पुष्कळींच्या आयुष्यात एखादा यजमान होऊन गेला. त्याने कधी पोसले, कधी टाकले. त्याचे नाव मुलांना लागले नाही. परंपरेच्या दृष्टीने त्यांचे लग्न झालेले आहे आणि त्या कधीच विधवा होणार नाहीत. कायद्याच्या दृष्टीने त्या अविवाहित. आणि एखादा वृद्ध यजमान, आपल्या मुलांनी घराबाहेर काढल्यावर, अखेरच्या दिवसांत तिच्या दारी येऊन पडला, तर पंचनाम्याच्या दृष्टीने ती एका इसमासह राहते. तो काही आणत नाही. ती त्याला तिच्या पगारातून औषध देते. शाहू महाराजांच्या १९२० च्या कायद्याने अशा स्त्रीला देवळाच्या बंधनातून सोडविले होते. आता तिला वसुलीची नोटीस गेली, तर तिने कैफियतीत काय लिहावे? माझ्या मते एवढेच लिहावे, की सदरहू इसमाचा खर्च मी करते, आणि त्याची पावती औषधाच्या दुकानातून जोडली आहे. आणि हुकूम करणाऱ्या अधिकाऱ्याने ती पावती पाहून, वसुलीचे कलम खोडून, त्या इसमाच्या नावाची वेगळी दरखास्त मागवावी.